उपवासाचं आइस्क्रीम

आमच्या गावचा उपवास फार कडक. श्रीवर्धनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या या गावात अंगारकीला कुणी भाताच्या शितालाही शिवत नाही. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, शेंगदाण्याचे लाडू, वरीचे तांदूळ, एवढ्यावर बिचारे दिवस काढतात. बटाटा फिरंग्यांनी आणला आणि शेंगदाणा खरं तर कडधान्यांच्याच कुळातला, पण दोघंही गावात जुने झाल्यामुळे त्यांची चौकशी कुणी करत नाही.

चौकशी झाली ती नूतनच्या आइस्क्रीमची. नूतन घरच्या नारळाच्या दुधाचं आइस्क्रीम करून विकते. अंगारकीला देवळासमोर जत्रेसारखी गर्दी होते आणि त्या एका संध्याकाळच्या विक्रीवर तिचं घर पुढे बरेच दिवस चालतं. आता नारळाचं दूध नुसतं गोठवलं तर तेल वर आणि पाणी खाली. दोघांना एकत्र नांदवायला ती त्यात चिमूटभर लेसिथिन घालते. ते सोयाबीनपासून निघतं.

अन्नसुरक्षा अधिकारी येऊन सगळं बघून गेले. लेसिथिन खायला चालतं, सरकारची परवानगी आहे, असं ते म्हणाले. फक्त कपावर ‘यात सोया आहे’ हे ठळक छापायचं. बहुतेकांना त्याने काही होत नाही, पण एखाद्याला सोया सोसत नाही आणि त्याच्या जिवावर बेतू शकतं. नूतनने मुकाट्याने छापून घेतलं.

ते उत्सव मंडळाचे अध्यक्ष शिवदासकाका यांनी वाचलं. सोया म्हणजे कडधान्य, म्हणजे उपवास मोडला. लगेच बैठक बसली. चिमूटभर कडधान्याने उपवास किती मोडतो, यावर बराच खल झाला. एकाचं म्हणणं, ते शिजवलेलं नाही, गोठवलेलं आहे, तेव्हा दोष लागू नये. इतक्या बारकाईने आमच्या गावात पाणीयोजनेचाही विचार झालेला नाही.

शेवटी काकांनी नूतनला बोलावून तोडगा सांगितला.

“दोष लिवल्याचा हाय, घातल्याचा न्हाय. त्या अक्षरांवर गणपतीचं स्टिकर चिकटव. कुणी वाचलंच न्हाय तर उपवास कसा मोडंल?”

साहेबांनी काय बजावलंय ते नूतनने सांगून पाहिलं. असली नाजूक थेरं आपल्या गावात कुणाला नाहीत, असं काका म्हणाले, आणि स्टिकर नसेल तर जागा दुसऱ्याला देऊ हेही म्हणाले. नूतनने रात्री बसून स्टिकरं चिकटवली. गणपतीच्या खाली ‘उपवासाला चालेल’ असंही होतं.

अंगारकीच्या संध्याकाळी तिच्यापुढे ही रांग. शिवदासकाका शेजारीच उभे, हातात दुसरा कप. उरणहून आलेल्या एका बाईने आपल्या मुलीसाठी, रुचिकासाठी, कप घेतला. तो फिरवून फिरवून पाहिला आणि विचारलं, “ताई, यात सोया नाही ना? मागे हिचा घसा सुजून श्वास कोंडला होता.”

काका खाकरले. चांगले दोनदा खाकरले. रुचिकाने तोवर झाकण काढून चमचा भरला होता.

नूतनने तो तिच्या हातातून हिसकावला. “हाय. सोया हाय यात. देऊ नका तिला.”

एकाने तोंडातला घास धुळीत थुंकला. एकीने तीन कप खाल्ले होते, ती रडायलाच लागली. बाकीचे, चंद्र दिसला की दोष आपोआप जातो का, यावर बोलू लागले. ती बाई मुलीला छातीशी धरून उभी होती, तिच्याकडे एकानेही पाहिलं नाही. त्या दिवशी मला माझ्या गावाची लाज वाटली.

“अख्ख्या गावाचा उपवास मोडलास तू,” काका नूतनवर ओरडले.

“उपवास मघाशीच मोडला व्हता, काका. मी निस्तं सांगितलं.”

हे फार झालं. मंडळ पुन्हा बसलं आणि भाविकांची फसवणूक केल्याबद्दल नूतनला देवळासमोर कायमची बंदी झाली. ठराव काकांनीच मांडला.

पुढच्या संकष्टीला तिच्या जागेवर परगावचा एक कुल्फीवाला आला. त्याच्या कुल्फीवर एक अक्षर छापलेलं नव्हतं आणि आत काय घालतात हे त्यालाही नीट ठाऊक नव्हतं. शिवदासकाकांनी पहिली कुल्फी देवाला दाखवली, दुसरी स्वतः खाल्ली, आणि गावात कुणाचाही उपवास मोडला नाही.