सपाट रानातला खड्डा

कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातल्या त्या गावाचा नवा सरकारी नकाशा सहकारी दुकानाच्या भिंतीवर लागला, तसा जो तो आपलं घर शोधायला धावला. शेजारच्या पेट्रोचं बोट डाग्नी रुस्तादच्या शेतावर थांबलं. तिथे उंचीच्या रेषा एकात एक शिरून खोल खड्डा दाखवत होत्या, आणि त्याच्या तळाशी घराची काळी खूण होती.

"खड्ड्यात कुणाला लपवलंयस गं, डाग्नी?" पेट्रो म्हणाला. सगळे हसले.

डाग्नी हसली नाही. तिचं रान पोळपाटासारखं सपाट होतं. पण नॉर्वेहून आलेल्या आईवडिलांनी जमिनीत खणून केलेल्या घरात तिचा जन्म झाला होता, तो नकाशातल्या त्या खुणेच्याच जागी. आई तिथेच वारली. मग वडिलांनी छप्पर पाडलं, खड्डा बुजवला आणि वर गहू पेरला. हे आठवणारं आता तिच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.

नकाशा दुरुस्त करायला लायल नावाचा मोजणीवाला आला. "काकू, तुम्ही या मोजणीच्या दुर्बिणीतून बघा, मी मोजपट्टी घेऊन पुढे जातो."

तिने डोळा लावला. गव्हातून चालताना आधी लायलची कंबर दिसेनाशी झाली, मग छाती, मग टोपी. तिने डोळा काढून पाहिलं. रान सपाटच होतं. गहू वाऱ्यावर हलत होता. तिने खूप हाका मारल्या, पण ओ आली नाही.

उन्हं कलल्यावर तो आला. पाऊस नसताना त्याचे बूट चिखलाने भरले होते.

"काकू, तिथे राहते ती बाई कोण?"

"कोण बाई?"

"तुमच्या नॉर्वेची भाषा बोलते. मला बसवलं, गरम खीर दिली. पण सारखी दाराकडे बघून 'वेस्ला, वेस्ला' म्हणायची."

डाग्नी पायरीवर बसली. वेस्ला म्हणजे छोटी. त्या नावाने तिला फक्त आई हाक मारायची.

सकाळी केस विंचरून ती एकटीच गव्हात शिरली. चालता चालता वारा पडला. दूरच्या धान्यकोठाराचं छप्पर हळूहळू गव्हामागे बुडालं. चुलीचा धूर नाकाशी आला. ती थांबली नाही.

दुपारी ती परतली, तेव्हा लायल कुंपणाशी उभा होता.

"नकाशात काय करू, काकू?"

"आहे तसं राहू दे." ती थेट लाकडांच्या ढिगाकडे गेली. "आणि जरा हात लाव. खाली फार गारठा आहे, तिच्यासाठी सरपण न्यायचंय."