तात्यांची गळती

तात्या न्हावी म्हणजे तोंडाचा पट्टा. कात्री थांबेल, तात्या थांबणार नाहीत. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला, हातपाय शाबूत राहिले, पण ओठाची डावी कड सैल पडली आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यावर लाळेचा थेंब पडायला लागला. सुरुवातीला तात्यांनी फवाऱ्याच्या बाटलीवर ढकललं. पण दाढी करताना गालावर पडलेला थेंब कुणाच्या माथी मारणार?

दुकानात मदतीला असलेला लेक शेवटी म्हणाला, "बाबा, शनिवारपर्यंत बघतो. आणखी एक थेंब पडला की खुर्ची माझी. तुम्ही टॉवेलांच्या घड्या घाला."

टॉवेलांच्या घड्या! तीस वर्षं वस्तरा चालवलेल्या माणसानं! तात्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला, पण गेले निमूट दवाखान्यात. गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना अर्धा तास बोलू दिलं, दुसरा इलाजच नव्हता.

मग त्या म्हणाल्या, "काका, लाळ जास्त सुटत नाहीये. तुम्ही गिळतच नाही. अर्ध्या तासात दोनदा गिळलंत! वाकायच्या आधी ओठ मिटा, हनुवटी जरा वर, गिळा. मग वाका."

"बोलता बोलता विसरतो हो."

"मग प्रश्न विचारा. समोरचा उत्तर देतोय तेवढ्यात गिळायचं."

हे तात्यांना पटलं. प्रश्न ते रोज ढीगभर विचारायचे. उत्तरंही स्वतःच द्यायचे, एवढंच. "पोरगी पास झाली का? झालीच असणार!" आता 'का'पाशी ब्रेक. अगदी जिवावर यायचं, पण तीन दिवस एक थेंब नाही.

शनिवारी मास्तर आले, तीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. लेक कोपऱ्यातून डोळ्यांत तेल घालून बघत होता.

"काय मास्तर, वहिनी कशा आहेत?" तात्यांनी ओठ मिटले, हनुवटी उचलली, गिळलं.

थेंब पडला नाही. उत्तरही येईना. 'मजेत असणारच' अगदी ओठांवर आलं होतं. तात्यांनी दात घट्ट आवळले.

"तिला जाऊन दीड वर्ष झालं," मास्तर आरशातल्या तात्यांकडे बघत म्हणाले.

धरणीनं पोटात घ्यावं असं तात्यांना झालं. "मास्तर, अहो, मी दर महिन्याला विचारत होतो! बोलला का नाहीत?"

"तू थांबायचास कुठे? 'मजेत असणारच' म्हणायचास आणि पुढे जायचास." मास्तर हसले. "मग मीही टोकायचं सोडलं. म्हटलं, निदान या खुर्चीत बसलं की ती मजेत असते."