सरजा बसली

उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा नवा झाला म्हणून माझे पाय नवे झाले काय? अकरा वर्षं मोठ्या बहिणीला शोधून राहिले. सरजा तिचं नाव. बहात्तरच्या दुष्काळात मुकादमासंगं औश्याकडं तलावाच्या कामाला गेली, ती किनवटच्या जंगलात परत आलीच न्हाई. औंदा पुन्हा दुष्काळ. आमच्या गुड्यातले, वस्तीतले म्हातारे मागं लागले, "नागुबाई, तिच्या नावाचा दगड रोव. जीव भटकत असंल तिचा." आम्हा गोंडांत मेलेल्याच्या नावानं दगड रोवतात. अन् ती जिती असंल तर? माझ्या हातानं मारू काय तिला?

लातूरच्या कचेरीत उस्मानाबादेहून आलेले गठ्ठे पडले होते. कारकुनानं एक कागद वाचला. "सरजाबाई. वय अंदाजे वीस. औश्याजवळचा तलाव. तापानं मयत. वारस नाही. जात लिंगायत."

हाच कागद तीन वर्षांमागं उस्मानाबादेत वाचून दाखवला होता. तवा मी तडकले होते, "आमी गोंड हाव! ही माझी न्हाई!" अन् तरातरा निघून आले होते. आता तडकायलाबी जीव ऱ्हायला न्हाई. म्हटलं, "साहेब, तलाव कुठं हाय तेवढं सांगा."

तलाव कोरडा ठाक. बांधाजवळ शरणम्माचं घर. त्या साली मजुरांना पाणी पाजायची तीच. माझं तोंड बघून म्हातारीनं लगेच ओळखलं, ही सरजाची बहीण. आधी भाकरी वाढली, मग बोलली.

"लई ताप होता लेकरा. लोक लाकडं गोळा करू लागले, तर म्हणे, मला जाळू नका, मातीत ठेवा. आमी लिंगायत, आमीबी मातीतच ठेवतो. वाटलं, आमचीच हाय. माझ्या मालकानं जात तीच लिहायला सांगितली. विभूती लावली, मांडी घालून बसवली."

"बसवली?" मी केवढ्यांदा ओरडले. "आमच्यात मातीत निजवतात, अम्मा! अकरा वर्षं बसवून ठेवली माझ्या बहिणीला?"

"चुकलं गं माय," ती रडू लागली. "आपली समजून बसवली."

तिच्यावर काय रागवायचं? तीन वर्षं तर मीच घालवली. मीबी रडले, पोटभर. आई गेल्यावर सरजानंच मला वाढवलं. पाणी, सरपण, मोहफुलं, कडेवर मी. "बस की गं घडीभर," म्हटलं की म्हणायची, "एवढं झालं की बसते." तिला बसलेली मी कधी बघितलीच न्हाई.

शरणम्मानं जागा दाखवली. तिथला एक दगड मी लुगड्यात बांधून घेतला.

परतीच्या एस्टीत दगड शेजारच्या सीटवर ठेवला. कंडक्टर खेकसला, "ए बाई, दगड खाली ठेव."

"न्हाई ठेवत," मी म्हटलं. "लई दिसांनी बसलीय ती."