बोटभर मोठे बूट

पन्हळीखाली उभे राहायचे आणि छपरावरचे पाणी साठवायचे, एवढेच आता माझे काम आहे. मी एक जुने निळे पिंप आहे, मित्रांनो. ग्रेनाडा बेटावरच्या व्हिक्टोरिया गावात, लिनेट नोएलच्या घरामागे मी अकरा वर्षे उभे आहे. पण मी जन्माने पाण्याचे पिंप नव्हे.

कारखान्यातून निघाल्यावर माझ्यात प्रथम खारवलेल्या मिरच्या भरल्या गेल्या. मग मला धुऊन ब्रुकलिनमधल्या एका दुकानाबाहेर विकायला ठेवले. तिथून मला लिनेटच्या आईने, जेस्टिनाने, उचलले.

जेस्टिना तेवीस वर्षे त्या शहरात होती. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना न्हाऊ-माखू घालणे हे तिचे काम. बेट सोडताना तिने सहा वर्षांच्या लिनेटला बहिणीकडे ठेवले होते. पहिली बारा वर्षे तिच्याजवळ कागदपत्रे नव्हती. एकदा बेटावर गेली असती, तर परत येता आले नसते. म्हणून दर नाताळला तिच्याऐवजी सामानाने भरलेले एक पिंप जहाजाने जायचे. कागदपत्रे मिळाल्यावरही रजा आणि तिकिटाचे पैसे एकदम कधी जुळले नाहीत. माझ्याआधी गेलेली सगळी पिंपे लेकीसाठी होती. मी तिच्या स्वतःच्या परतीचे पहिले आणि शेवटचे पिंप.

चार महिने मी तिच्या खोलीच्या कोपऱ्यात उभे होते. रोज कामावरून आली की ती काहीतरी माझ्यात ठेवी. तांदूळ एका बाजूला, साबण दुसऱ्या बाजूला, मधे चादरी. नवशिक्या बाया तांदळाशेजारी साबण ठेवतात आणि मग घरच्यांना महिनाभर साबणाचा भात खावा लागतो. शेजारच्या खोलीतली ऑगस्टा खाटेवर बसून देखरेख करी. तीही बेटावरचीच.

एकदा ऑगस्टाने विचारले, की इथले काय आठवेल आणि काय नाही. जेस्टिनाने हातातला डबा बसवत शांतपणे सांगितले. दुपारी चारलाच पडणारा अंधार आठवणार नाही. घराबाहेर पडायला तीन थर कपडे चढवणे आठवणार नाही. उभ्याने जेवणे आठवणार नाही. नळाचे ऊन पाणी मात्र आठवेल. आणि वाचनालयातला खिडकीजवळचा बाक, कारण तिथे दोन तास बसले तरी तू कोणाची कोण, असे कोणी विचारत नाही.

"आणि मी गं?" ऑगस्टा म्हणाली.

"तुझं घोरणं आठवणार नाही."

ऑगस्टा हसली. निघायच्या दिवशी मात्र ती गंभीर होती. "खोली महिनाभर कोणाला देऊ देत नाही मी. लेकीशी पटलं नाही तर परत ये. पुष्कळींचं नाही पटत."

जेस्टिना विमानाने गेली, मी जहाजाने. मला पोचायला चार आठवडे लागले. तोवर या घरात काय घडले, ते मला पुढच्या बोलण्यांवरून कळले. घडले काहीच नव्हते, हीच अडचण होती. एकोणतीस वर्षांची लिनेट आईला चांगल्या ताटात वाढी, तिचे अंथरूण घाली, काही हवे का विचारी. भांडण नाही, तक्रार नाही. आपण इथे पाहुणी आहोत, हे जेस्टिनाला कळत होते. महिना भरायला दोन दिवस राहिले होते आणि तिने परतीच्या तिकिटाची चौकशीही करून ठेवली होती.

मी आले तेव्हा रीतीप्रमाणे शेजारपाजार जमला. कोणाला साबण, कोणाला तेल, कोणाला डबे असे वाटप झाले. सगळे गेल्यावर जेस्टिनाने माझ्या तळातून एक खोके काढले. त्यात लिनेटसाठी काळे बूट होते. त्यांच्याबरोबर दोऱ्याने बांधलेले तपकिरी कागद. बुटांचे माप कळावे म्हणून दरवर्षी लिनेटच्या पायाभोवती पेन्सिल फिरवून टपालाने पाठवलेले ते कागद. बारा वर्षांचे बारा पाय.

"शेवटच्या मापाने आणलेत. घाल," जेस्टिना म्हणाली.

लिनेटने बूट घेतले, जुने वर्तमानपत्र फाडले आणि त्याचे बोळे करून बुटांच्या टोकात कोंबू लागली.

"हे काय करतेस?"

"सवयच आहे." मग तिने शेवटच्या मापाचा कागद उलगडून त्यावर पाऊल ठेवले. रेघ सगळीकडून बोटभर बाहेर राहिली. "मावशी पेन्सिल लांबून फिरवायची. मोठे आले की वर्षभर पुरतील म्हणायची. पुढच्या वर्षी नवे यायचे. तेही बोटभर मोठेच."

"एकही बसला नाही?"

"नाही."

जेस्टिना खुर्चीवर बसली. "मी बसमध्ये तुझ्या वयाच्या मुलींचे पाय बघायचे गं. मला वाटायचं, माझी चांगली उंच झाली असेल." जरा वेळाने तिने विचारले, "कळवलं का नाहीस?"

"फोनवर तीन मिनिटं मिळायची, मम्मी. त्यात बूट सैल आहेत हे सांगू?" लिनेटचा आवाज प्रथमच चढला. "तू थकलेली असायचीस. मी म्हणायचे, छान बसले."

"मीही म्हणायचे, छान चाललंय."

मग जेस्टिनाने एक कोरा कागद जमिनीवर ठेवला. आता कशाला, तू तर इथेच आहेस, असे लिनेट म्हणाली. तरी तिने पाऊल ठेवले. जेस्टिना गुडघ्यांवर बसली आणि पेन्सिल सरळ धरून कातडीला लागून फिरवू लागली. लिनेटला गुदगुल्या झाल्या. ती पाय ओढून घेऊ लागली. "हलू नकोस, कार्टे," आई म्हणाली. पाहुणी असे म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने ऑगस्टाला खोली देऊन टाकायला सांगितले.

त्यानंतर जेस्टिना नऊ वर्षे इथे राहिली. ऊन पाण्याची आठवण आठवडाभरही टिकली नाही. वाचनालयातला बाक मात्र अखेरपर्यंत आठवत होता. मायलेकी भांडल्या, रुसल्या, माझ्यावर तांबे आपटले. दोन वर्षांपूर्वी जेस्टिना गेली. तिच्या अंगावरून शेवटचे पाणी माझ्यातलेच गेले. लिनेटने ते चुलीवर तापवून घेतले होते.

आता माझ्या बुडाशी चीर गेली आहे. आणखी फार पाणी माझ्याने धरवणार नाही. लिनेट मेण लावते, मी तग धरते. माझ्यासाठी मला काही मागायचे नाही, मित्रांनो. मात्र तुमचे कोणी दूरदेशी असेल, तर त्याला आपले माप खरे कळवा. बूट चावत असतील तर चावतात म्हणा, सैल असतील तर सैल म्हणा. तीन मिनिटांत तेवढे सांगून होते.