चाळीस मापे पाणी

मी एक जुने मोजपात्र आहे. एका लिटरचे, प्लास्टिकचे, अंगावर निळ्या रेघा असलेले. मित्रांनो, मला बघून कोणी मग म्हणते, कोणी डबा. मला राग येतो. मगात पाणी मावते. माझ्यात ते मोजले जाते.

कुंभिवलीच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी नऊ वर्षे नोकरी केली. शंभर भाग द्रावणात औषध किती, याचा हिशेब तिथे काम करणारी ऋतिका करायची आणि पाणी माझ्यात मोजायची. या भांड्याची रेघ चुकत नाही, असे एकदा साहेब म्हणाले होते. ते मी अजून विसरलेले नाही. पुढे माझी चोच फुटली आणि मला भंगारात काढले. ऋतिकाने मला मागून घेतले, धुऊन घरी आणले. तिथे तिच्या आईने, विमलबाईंनी, माझ्यात कपड्यांचे चिमटे भरले. चिमटे! तीन वर्षे मी गप्प बसले.

यंदा रोहिणी नक्षत्रातल्या पेऱ्याआधी ऋतिकाचे वडील हिरामण भाताचे बी निवडायला बसले. त्यांचे भात बारीक आणि वासाचे, बी पिढ्यानपिढ्या घरचेच. दुकानात ते मिळत नाही. बी मिठाच्या पाण्यात टाकायचे. पोचट दाणे वर येतात, भरलेले तळाशी बसतात. त्यासाठी दहा लिटर पाण्याला तीनशे ग्रॅम मीठ पुरते, म्हणजे शंभरात तीन. पण हिरामणांची रीत वेगळी. पाण्यात अंडे सोडायचे आणि ते तरंगेपर्यंत मीठ घालायचे. त्या सकाळी कोंबडीने नुकतेच अंडे घातले होते. ताजे अंडे कसले ढिम्म! दहा लिटर पाण्यात मिठाचा किलोचा एक पुडा संपला, दुसरा अर्धा झाला, तेव्हा कुठे ते वर आले. मग बी ओतले, तर अर्धे बी तरंगले.

हिरामणांचा चेहरा उतरला. एवढ्या बियात वरचे शेत पडीकच राहणार होते. विमलबाईंनी तरंगलेले बी सुपात काढले आणि कोंबड्यांना टाकायला निघाल्या. तेवढ्यात ऋतिका कारखान्यातली रात्रपाळी संपवून घरी आली. तिने मिठाचा रिकामा पुडा आणि अर्धा पुडा पाहिला.

"आई, थांब गं. बी नाय, पाणी चुकलंय."

हिरामण म्हणाले, "माझा बा असंच करायचा."

"आज्याचं अंडं चार दिसांचं असंल, बाबा. शिळं अंडं कमी मिठात तरंगतं. तुमचं आजचं हाय."

मग तिने हिशेब मांडला. दहा लिटरला दीड किलो, म्हणजे शंभरात पंधरा. हवे तीन. मीठ पाचपट झाले, तर पाणीही पाचपट हवे. पन्नासातले दहा आहेत, चाळीस घालायचे. तिने चिमटे खाली ओतले आणि मला उचलले. मित्रांनो, माझा आनंद काय सांगू!

पिंपात खारे पाणी ओतले. हिरामण माझ्यात साधे पाणी मोजून त्यात ओतू लागले. धान्य मोजतात तसे पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणाले, मग दोन, तीन. मध्येच सव्वीस की सत्तावीस यावरून बापलेकीत जुंपली. विमलबाई दर मापाला एक खडा बाजूला ठेवत होत्या. खडे सव्वीस निघाले. बाप हरला, पण हसला.

चाळीस झाल्यावर सुपातले बी पुन्हा पाण्यात सोडले. सगळे वाकून बघत होते. दाणे हळूहळू खाली जाऊ लागले. शेवटी वर उरले जेमतेम दोन मुठी. विमलबाईंनी तळाचे बी स्वच्छ पाण्याने धुतले आणि सावलीत पसरले.

हिरामणांनी त्यातले मूठभर बी हातात घेतले. मग म्हणाले, "भरल्या दाण्याला मी पोचट म्हणलो गं."

मित्रांनो, माझ्यासारख्यांना उन्हात टाकू नका, आमच्या रेघा घासून पुसू नका. आणि कोणाला पोचट ठरवून सुपात काढण्याआधी, आपण पाण्यात मीठ किती घातले आहे, ते एकदा मोजून बघा.