पदरानं पुसलेला खडा

“लावा की हात. चावत न्हाई ती.”

आमच्या ह्यांनी सदरा काखेपर्यंत वर ओढला होता आणि सोनपेठचे दत्तराव ती खूण बघत होते. बरगडीखालून निघून पोटाकडे वळलेली, बोटाएवढी जाड शिवण. दत्तरावांनी हात पुढे केला, मागे घेतला आणि शेवटी एका बोटानं शिवलंच.

दत्तराव दांडगा माणूस, बागायतदार. पण औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात पोट फाडायचं म्हटल्यावर त्यांनी जेवणच सोडलं होतं. मरायचं तर घरी मरू, म्हणून बसले होते. म्हणून त्यांच्या बायकोनं, सरजाबाईनं, गंगाखेडला माणूस धाडून आम्हाला बोलावून घेतलं. आमचे हे म्हणजे आश्रुबा गवंडी. गुर्दा काढूनही भिंती बांधत फिरणारा असा दुसरा माणूस आमच्या तालुक्यात नव्हता. कुणी ऑपरेशनला भ्यालं की डॉक्टरच सांगायचे, आश्रुबाला एकदा भेटा. पुरुषाशी हे बोलायचे, घरातल्या बाईशी मी. मी बालवाडीची बाई, मला रडणाऱ्यांची सवय होती.

दत्तराव पलंगावर होते, हे ओसरीच्या पायरीवर. आम्ही बुद्धवाड्यातली माणसं. नामांतरावरून गावोगाव लोक एकमेकांचं तोंड बघेनात, त्या दिवसांत ह्या ओसरीवर आम्हाला कुणी बोलावलं नसतं. पण जिवाची भीती लागली की माणूस जातपात विसरतो. निदान भीती आहे तोवर तरी विसरतो.

“दुखतं का रे लय?” दत्तरावांनी विचारलं.

“खोटं कशाला बोलू? दुखतं. शुदीवर आलं की वाटतं, कुनी कुशीत पहार खुपसून ठिवली. खोकला आला की जीव जातो. तवा उशी घ्यायची आन अशी कुशीला गच्च दाबून धरायची, मंगच खोकायचं. उठताना सरळ उठायचं न्हाई, कुशीवर वळून उठायचं. आन दत्तराव, वारा सरला तर लाजायचं न्हाई बरं का! तिथं डागदर त्येचीच वाट बघत आस्तेत. माझा सरला तवा नर्सबाई म्हन्ली, शाब्बास आश्रुबा!”

दत्तराव हसले. सरजाबाई दाराआड उभी होती, तिनं तोंडाला पदर लावला. बऱ्याच दिवसांनी त्या घरात कुणी हसलं असावं.

“पर एक गुर्दा काढल्यावर मानूस जगतंय व्हय?”

“भितीतली एक वीट निघाली म्हनून घर पडतंय का? म्या गवंडी हाय, मला इचारा.” आणि मग ह्यांनी खिशातून बाटली काढली. इंजेक्शनची रिकामी बाटली, रबरी बुचाची. आत कापूस आणि कापसावर एक खडा. हरभऱ्याएवढा, करडा, गुळगुळीत. “ह्यो बगा. ह्येच्यापायी सगळा खटाटोप.”

दत्तरावांनी बाटली उजेडाकडे धरली, हलवली. “माझा बी आसाच आसल?”

“तुमचा मोठा आसल. बागायतदाराचा खडा हाय त्यो.”

त्या दुपारी दत्तराव भाकरी जेवले.

निघताना सरजाबाईनं मला गोठ्याकडं नेलं. माझा हात धरला आणि म्हणाली, “बाई, मुतखडा न्हाई वो. क्यान्सर हाय. ह्येंला ठावं न्हाई. समद्यांनी सांगितलंय, बोलू नका, बोललात तर मानूस आधीच हाय खाऊन मरल.” मी तिला जवळ घेतलं. तिला वाटत होतं, हे दुःख जगात तिलाच मिळालंय. आणि मला तर तिच्या घरात पाऊल टाकल्यापासून ते माहीत होतं, कारण चार वर्षांपूर्वी मी हुबेहूब तिच्या जागी उभी होते.

आता झाकली मूठ उघडतेच. त्या बाटलीतला खडा मी घातलेला होता.

ह्यांच्या लघवीतून रक्त जायला लागलं, तेव्हा आम्ही उन्हाळी लागली म्हणून धणे-जिऱ्याचं पाणी देत बसलो. औरंगाबादला नेलं तर डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून सांगितलं. क्यान्सर. गुर्दा काढू, पुढचं पुढं बघू. बाहेर येऊन मी ह्यांना म्हटलं, मुतखडा हाय. आमच्या गल्लीतल्या माणिकरावांना त्यांच्या भावानं खरं सांगितलं होतं. माणिकराव त्याच दिवशी भिंतीकडं तोंड करून निजले, ते पुन्हा वळलेच नाहीत. मला तसं होऊ द्यायचं नव्हतं. खोटं तर खोटं. मी कुणाच्या बापाला भीत नव्हते.

ऑपरेशन झालं. पण शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचा खराच मुतखडा निघाला होता आणि तो उठसूट सगळ्यांना दाखवायचा, नातवाचं बारसं असल्यासारखा. तिसऱ्या दिवशी ह्यांनी विचारलं, “सगुणा, माझा खडा कुटाय?” मी म्हटलं, आणते. दवाखान्याच्या आवारात नवं बांधकाम चाललेलं. वाळूचा ढीग होता. त्यातून मी बराच वेळ एक खडा निवडत बसले, नळाखाली धुतला, पदरानं पुसला आणि नेऊन ह्यांच्या हातावर ठेवला.

हे त्याच्याकडं कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “एवढासा? एवढ्याशासाठी एवढी मोठी चीर?” आणि बाटलीत घालून दे म्हणाले. मी सुटले. तेव्हापासून ते खड्याची बाटली घेऊन गावोगाव हिंडले. पेडगावच्या भगवानरावांना धीर दिला, केशरबाईला धीर दिला. भगवानराव वर्षात गेले. केशरबाईचं वय झालं होतं म्हणून गेली, असं मीच ह्यांना सांगितलं. ह्यांनी मान हलवली.

दत्तरावांच्या संगतीनं औरंगाबादला जायचं ह्यांनी कबूल केलं होतं. पण सोनपेठहून परत येताना एसटीतच ह्यांची पाठ अशी धरली की उतरताना मला आधार द्यावा लागला. मी म्हटलं, वात आहे. मग खोकला लागला. मी म्हटलं, हवा पालटली. पुढं खोकल्यात रक्त दिसलं. मी म्हटलं, घसा सोलला असेल. हे प्रत्येक वेळी “आसल, आसल” म्हणायचे. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि माझ्याकडं बघून नुसती मान हलवली. थापी भिंतीला टांगली गेली, ती टांगलीच राहिली. माझा माणूस बाजेवर वाळत चालला आणि मी बालवाडीत पोरांची गाणी म्हणत होते. बालवाडीमागं हौदाजवळ जाऊन रडायचे, तोंड धुवून घरी यायचे.

अशात सरजाबाई आली. दत्तराव ऑपरेशन होऊन घरी आले होते. मी चुलीपुढं चहा गाळत होते, हे दारातल्या बाजेवर डोळे मिटून पडलेले. घर एकच खोलीचं. ती माझ्या कानाशी लागून बोलायला लागली.

“बाई, ते रोज खडा मागायलेत. आश्रुबाला दिला, मला कामून न्हाई? म्हंजे माझं काई तरी येगळंच हाय, म्हनायलेत. कालपासून बोलनं बंद केलंय. भितीकडं तोंड करून पडलेत वो. काय सांगू म्या?”

भिंतीकडं तोंड, हे ऐकलं आणि मला माणिकराव आठवले. उपाय मला ठाऊक होता. पण सांगू कशी? हाताच्या अंतरावर हे पडलेले. हिला सांगायचं म्हणजे ह्यांच्या कानावर घालायचं. मी नुसती गाळणी हलवत राहिले.

बाजेवरून आवाज आला, “सरजाबाई, वाळूतला घेऊ नका.”



हे डोळे न उघडताच बोलत होते. मध्येच धाप लागायची, थांबायचे. “वाळूतला खडा गुळगुळीत आस्तो. पान्यानं घासून घासून. खरा तसा नस्तो. माझ्या बाजूच्या म्हाताऱ्याचा बघितलाय म्या, चांगला खरबरीत व्हता, पिवळट. तुमच्या रानात चुनखडी घावल. तिचा बारका तुकडा घ्या, हळदीच्या पान्यात बुडवा, वाळवा. डागदरानं तपासाया धाडला व्हता, आत्ता आला म्हना.”

सरजाबाईनं माझ्याकडं बघितलं, मग ह्यांच्याकडं. बाई शहाणी होती.  ह्यांच्या बाजेपाशी गेली, ज्या पायांना तिच्या घरच्यांनी कधी शिवलं नसतं त्यांना हात लावला आणि चहा न घेताच गाडी गाठायला निघून गेली.

चहा थंड झाला. मी उठून बाजेच्या कडेला बसले.

“तुमाला कवा कळलं?”

“तू हातावर ठिवला तवाच.” ह्यांनी डोळे उघडले. “येडी का खुळी गं तू? जिंदगी गेली माझी वाळू चाळन्यात. चाळनीवर उरल्याला खडा म्या वळखनार न्हाई?”

खरंच की! लग्न झाल्यापासून मी ह्यांना वाळू चाळताना बघत आलेली. चाळणीवरचे खडे गोळा करून मीच पाट्या ओतलेल्या. आणि गवंड्याला फसवायला मी वाळूच्या ढिगात हात घातला! त्या दिवशी अक्कल कुठं चरायला गेली होती कोण जाणे.

“मंग बोलला कामून न्हाईत?”

“वला व्हता त्यो. तू धुतला व्हतास. माझ्यासमोर पुन्यांदा पदरानं पुसून दिलास.  म्या म्हन्लं, हिनं एवढ्या कष्टानं निवडून आनलाय, ऱ्हाऊ दे.”

मला राग आला. हो, रागच. मरणाच्या दारातल्या माणसाचा मला असा राग आला की त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. चार वर्षं मी एकटी हौदाजवळ रडले. “आवो, रडायचं तर दोगं मिळून रडलो आस्तो की!” मी ओरडलेच.

“मंग त्या लोकायला खडा कोनी दावला आस्ता?”

“तुमाला भेव न्हाई वाटलं?”

“वाटतं की. लय वाटतं.” ह्यांनी माझं मनगट धरलं. बोटं नुसती हाडं झाली होती, पण पकड गवंड्याची. “लोकायफुडं बोलताना तेवढ्या घडीला वाटत न्हाई. मला बी वाटायचं, खडाच व्हता.”

मग आम्ही दोघं रडलो. जेवढं साठलं होतं तेवढं सगळं नाही रडता आलं, ह्यांना धाप लागायची. पण रडलो.

त्यानंतर मी वात म्हटलं नाही आणि घसा म्हटलं नाही. पाठ दुखली की हे सांगायचे, मी चोळायचे. काही उपयोग होत नव्हता, दोघांनाही ठाऊक होतं. संक्रांतीच्या आधी हे गेले. गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, काठी जाळलं. बाटली फळीवर होती, तिथंच राहिली.

पंधरवड्यानं बैलगाडी आमच्या दारात थांबली. सरजाबाईनं आधार देऊन दत्तरावांना उतरवलं. ते उंबऱ्यापाशी क्षणभर थांबले, मग वाकून आत आले आणि ह्यांच्या बाजेवर बसले. मी तांब्या पुढं केला. तोंड लावून प्यायले. सदरा अंगावर लोंबत होता. गळ्याची हाडं वर आलेली. ते बोलायच्या आधी खोकले आणि तो खोकला मी ओळखला.

“आश्रुबा मोठे मानूस व्हते, बाई,” म्हणाले. “माझ्या मातीला येतील आसं वाटलं व्हतं, तर म्याच मागं ऱ्हायलो.” मग खिशात हात घालून त्यांनी बाटली काढली. “त्येन्ला दावायचा व्हता. तुमी तरी बगा.”

मी बूच काढून खडा तळहातावर घेतला. खरबरीत, पिवळट. हळदीचा वास अजून गेला नव्हता. सरजाबाई दाराला धरून उभी होती, तिनं मान खाली घातली. दत्तराव खड्याकडं बघत नव्हते, माझ्या तोंडाकडं बघत होते.

मी खडा पदरानं पुसला आणि त्यांच्या हातावर ठेवला.

“लय मोठा व्हता की,” मी म्हटलं. “बागायतदाराचा खडा.”

दत्तराव हसले. हसता हसता त्यांना खोकला आला. त्यांनी बाजेवरची ह्यांची उशी ओढून घेतली आणि शिकवली होती तशी कुशीला गच्च दाबून धरली.