बराइट, मोरोक्को, खाण अज्ञात

सुहासिनी देवस्थळी एकतीस वर्षं लंडनमध्ये हॅरोजवळच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे वाचत होत्या. रिटायर झाल्यावर त्या स्टॅनमोरच्या घरी डायनिंग टेबलवर बसून वाळवंटाचे उपग्रहावरून घेतलेले फोटो वाचू लागल्या. वाळवंटच का, तर तिथे झाडंझुडपं नसतात, जमीन उघडी दिसते. यॉर्कशरच्या फोटोंत त्यांना फक्त गवत दिसलं होतं.

त्यांना खनिजांचे नमुने जमवायचा नाद होता, पण घरबसल्या. पती चंद्रशेखर, तेही रिटायर्ड डॉक्टर, यांना ऊन सोसत नसे. त्यामुळे वाळवंटात जायचा विषय कधी निघालाच नाही. त्यांच्या मिनरल क्लबचे सेक्रेटरी कॉलिन मात्र दर मार्चमध्ये मोरोक्कोच्या दक्षिणेला जात. भूगोल शिकवून निवृत्त झालेला उंच, मितभाषी माणूस. एकदा मीटिंगनंतर चहा घेताना ते म्हणाले, “नेहमीच्या खाणींवर आता काही उरलं नाही. नवी ठिकाणं हवीत.”

“मी बघते,” सुहासिनीबाई म्हणाल्या.

त्यांनी सहा महिने बघितलं. जुने फ्रेंच अहवाल डिक्शनरी शेजारी ठेवून वाचले. ज्या डोंगररांगेत बराइट या जड खनिजाच्या शिरा असल्याचा उल्लेख होता, ती रांग स्क्रीनवर इंच इंच तपासली. गावाला किंवा विहिरीला जाणारे रस्ते सोडून दिले. जो रस्ता डोंगराच्या पायथ्याशी जाऊन नुसताच संपतो, तिथे कोणीतरी कधीतरी खणलेलं असणार, असा त्यांचा हिशेब. अशा एका रस्त्याच्या टोकाला भोवतीच्या मातीपेक्षा गडद डाग दिसला. खाणीतून काढून टाकलेल्या दगडांचा ढीग असावा. त्यांनी अक्षांश-रेखांश लिहून कॉलिनना दिले.

एप्रिलच्या मीटिंगला कॉलिननी चर्च हॉलच्या टेबलावर वर्तमानपत्राची पुडी सोडली. आत निळसर बराइट होतं, पातळ पातळ स्फटिक एकमेकांना टेकून उभे.

“तुमच्या ठिकाणचं,” ते म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुहासिनीबाईंनी घरी जाऊन चिठ्ठीवर बारीक अक्षरात ठिकाण लिहिलं आणि ती नमुन्याखाली ठेवली. चिठ्ठी नसली तर नमुना म्हणजे नुसता दगड, असं क्लबात सगळेच मानत.

पुढच्या दोन वर्षांत त्यांनी आणखी दोन ठिकाणं काढली. तीही बरोबर निघाली, तिथूनही कॉलिननी निळे नमुने आणले. क्लबच्या मासिकात त्यांचा चार पानी लेख आला, ‘वाळवंटात नमुन्यांची ठिकाणं कशी शोधावीत’. चंद्रशेखरनी त्याच्या बारा प्रती काढून ओळखीच्या मराठी घरांमध्ये वाटल्या. कोणी वाचला नाही, पण सगळ्यांनी छान आहे म्हणून कळवलं.

चौथ्या वर्षी चंद्रशेखरच म्हणाले, “एकदा बघून येऊ या ना. तू एवढं शोधलंस.”

“तुला ऊन सोसत नाही.”

“छत्री घेईन.”

सुहासिनीबाईंनी कॉलिनकडे तिथल्या ड्रायव्हरचा नंबर मागितला. कॉलिननी आधी रस्ता वाहून गेल्याचं सांगितलं, मग सध्या वारं फार असतं म्हणाले, मग नंबर सापडत नव्हता. दोन आठवड्यांनी सापडला.

ड्रायव्हरचं नाव इदिर. त्याने दोघांना सकाळीच पहिल्या ठिकाणी नेलं. रस्ता फोटोत होता तसाच डोंगराच्या पायथ्याशी संपत होता. टोकाला गडद डागही होता. ते शेळ्या कोंडायचं दगडी कुंपण होतं. आत कित्येक वर्षांच्या लेंड्यांचा काळा थर साचला होता.

सुहासिनीबाई कुंपणाभोवती दोनदा फिरल्या.

“मिस्टर कॉलिनना मी इथेच आणलं होतं,” इदिर म्हणाला. “ते बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, दगड विकतात त्या बाजाराच्या गावी चल.”

“बाकीची दोन ठिकाणं?”

“एका ठिकाणी शेळ्याच आहेत. दुसरीकडे कोणी टायर जाळलेत.”

सुहासिनीबाई गाडीच्या सावलीत बसल्या. चंद्रशेखरनी पाण्याची बाटली उघडून दिली.

“एकतीस वर्षांत मी असं चुकीचं रिपोर्टिंग एकदाही केलं नाही,” त्या म्हणाल्या.

“केलं असशील. कळलं नसेल.”

हे आत्ता बोलायला नको होतं, हे चंद्रशेखरना लगेच कळलं. ते गाडीच्या दुसऱ्या बाजूला, उन्हात, जाऊन उभे राहिले.

थोड्या वेळाने शेळ्यांची मालकीण आली. आपल्या कुंपणाशी ही माणसं काय करतायत, हे तिने इदिरला विचारलं. इदिरने सांगितलं. तिने खाली पडलेला एक दगड उचलून हातात तोलल्यासारखा केला आणि तो जड नाही अशा अर्थाची मान हलवली. जड दगड वर आहेत, असं ती म्हणत होती. कोरड्या ओढ्यातून अर्धा तास चढल्यावर छातीइतका खोल खड्डा लागला. सुहासिनीबाई हातोडा आणि छिन्नी घेऊन आत उतरल्या. दोन तासांत मुठीएवढे तीन दगड निघाले. तपकिरी, कडा तुटलेले. एकावर नखाएवढा एक स्फटिक शाबूत होता. चंद्रशेखर खड्ड्याच्या काठावर उभे होते आणि या खेपेला त्यांनी छत्री बायकोवर धरली होती.

पुढच्या मीटिंगला सुहासिनीबाई अर्धा तास आधी गेल्या. कॉलिन खुर्च्या मांडत होते.

“शेळ्या पाहिल्या,” त्या म्हणाल्या.

कॉलिन हातातली खुर्ची घेऊन तसेच उभे राहिले. “तुम्ही सहा महिने घालवले होते,” ते म्हणाले. “तिथे काही नाही असं सांगणं बरं वाटेना.”

“तीन वर्षं?”

“पहिल्या वर्षानंतर सांगणं आणखी अवघड झालं.”

सुहासिनीबाईंना राग आला होता, आणि ज्यावर रागवायचं तो माणूस समोर खुर्ची धरून इतका ओशाळा उभा होता की त्यांना नीट रागावताही येईना. त्यांनी एवढंच विचारलं, “विकणाऱ्याने खाण कुठली ते सांगितलं होतं?”

“मी विचारलंच नाही,” कॉलिन म्हणाले. आतापर्यंतच्या बोलण्यात ही कबुली त्यांना सगळ्यात जड गेली.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, नीट झोप झाल्यावर सुहासिनीबाईंनी तिन्ही निळ्या नमुन्यांच्या चिठ्ठ्या बदलल्या. ‘बराइट. मोरोक्को. बाजारातून. खाण अज्ञात.’ मासिकाला चार ओळींची दुरुस्ती पाठवली, की गडद डाग शेळ्यांचाही असू शकतो. तपकिरी दगडाची चिठ्ठी मात्र दोन्ही बाजूंनी भरली.

मग त्यांनी चौथं ठिकाण काढलं. कॉलिन मार्चमध्ये तिथे गेले आणि भर दुपारी त्यांचा मेसेज आला, “काही नाही. नुसती वाळू. सॉरी.”

सुहासिनीबाईंनी वहीत लिहिलं, ‘तपासलं. काही नाही.’ दिवसभर त्या खुशीत होत्या, असं चंद्रशेखरचं म्हणणं आहे.